खुंटीवरचा कर्णा

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. साडेतीन फूट लांब, पुढे तोंड पसरलेलं, आणि मधोमध पोटाला एक पोचा. मी एका भिंतीवर टांगलेला आहे आणि माझ्याखाली पाटी आहे, 'डाकगाडीचा कर्णा. हात लावू नये.' मित्रांनो, तुम्ही शाळेची मुलं दर वर्षी रांग करून मला बघायला येता. तुमच्या बाई तुम्हाला सांगतात की पूर्वीचे लोक फार सुखी होते, एकमेकांना धरून राहत होते. बाई मनाने चांगल्या आहेत, पण त्या तेव्हा नव्हत्या. मी होतो. म्हणून आज जरा माझं ऐका. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला एका फिरत्या पत्रेवाल्याने घडवलं. त्या दिवशी त्याचा कोळसा ओला झाला होता, त्यामुळे पत्रा सांधायचं झाळण नीट धरत नव्हतं आणि तो सारखा शिव्या घालत होता. म्हणजे जन्मल्या जन्मल्या मी आशीर्वादाऐवजी शिव्याच ऐकल्या. पितळेच्या कर्ण्यांचा तोरा मला कधी नव्हता. ते मिरवणुकीत वाजतात, मी कामावर वाजायचो. पण आवाज म्हणाल तर, वारा बरा असला तर दीड मैल जायचा. डाकगाडी हाकणाऱ्या आसाहेल प्रॅटने मला एकदा फुंकून पाहिलं आणि म्हणाला, "हा ओरडतो बघा कसा, माझ्या सासूसारखा!" आणि मला घेऊन गेला. आसाहेलचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. तिथून वारा निसटायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फुंकीच्या शेवटी बारीकशी सूं ऐकू यायची. ती सूं ऐकली की अख्खं टटल्स कॉर्नर ओळखायचं, आसा आला.

टटल्स कॉर्नर हे आमचं गाव. आम्ही नुसतं 'चौक' म्हणायचो. व्हरमाँटच्या डोंगरात वर, जिथे बोस्टनहून कॅनडाकडे जाणारी वाट आणि नदीकडून डोंगरापलीकडे जाणारी वाट एकमेकींना ओलांडतात, तिथे. आधी त्या जागी मेपलची झाडं आणि दगड एवढंच होतं. लेवाय टटल नावाचा एक माणूस बैलगाडीत संसार घालून पुढे चालला होता, आणि नेमका तिथे त्याच्या बैलाचा पाय मोडला. मग तो तिथेच राहिला. लोक विचारायचे, "लेवाय, गाव वसवायला हीच जागा का निवडलीत?" तो म्हणायचा, "मी कुठे निवडली? बैलाने निवडली." पुढे डाकगाडीचा रस्ता झाला. दर पंधरा मैलांवर घोडे बदलायचे, आणि पंधरावा मैल बरोबर लेवायच्या दारात संपत होता. त्याने खानावळ बांधली. खानावळीला तबेला लागला, तबेल्याला लोहार लागला, लोहाराला शेजार लागला. मी आलो तेव्हा चौकात चर्च होतं, दोन दुकानं होती, चामड्याचा कारखाना होता आणि तबेल्यात सोळा घोडे होते. लेवाय तोवर वारला होता आणि खानावळ त्याची बायको मेहिटेबल चालवत होती. तिला सगळे हिटीमावशी म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा.

आता माझं काम ऐका. चौकाच्या अर्धा मैल आधी एक चढ होता. त्या माथ्यावर आलं की आसा मला तोंडाला लावायचा. गाडीत जितके जेवणारे, तितक्या तुटक फुंकी. पूं, पूं, पूं. सात जण तर सात. खाली खानावळीत हिटीमावशी हातातलं काम तसंच ठेवून बोटं मोजायची. गाडी दारात येईपर्यंत लांब टेबलावर तितकी ताटं मांडलेली असायची. काकवी घालून मडक्यात सावकाश शिजवलेला घेवडा, मक्याची पोळी, खारवलेलं मांस, भाजलेली सफरचंदं. प्रवासी थक्क व्हायचे. विचारायचे, "बाई, आम्ही नऊ जण येणार हे तुम्हाला कळलं कसं?" मावशी साळसूदपणे म्हणायची, "स्वप्नात आलं." आणि आसा दाराशी उभा राहून तुटक्या दातातून हसायचा.

माझं दुसरं काम होतं हिवाळ्यातलं. आमच्याकडे बर्फाचं वादळ आलं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. वाटेवरचा माणूस चार पावलं भलतीकडे टाकतो आणि संपतो. म्हणून चौकात रीत होती, वादळ सुरू झालं की खानावळीच्या पायरीवर उभं राहून कर्णा वाजवायचा. थोड्या थोड्या वेळाने एक लांब फुंक, वादळ थांबेपर्यंत. गाडी गावात असेल तेव्हा मीच वाजायचो, नसेल तेव्हा खानावळीतलं जुनं शिंग वाजायचं. एका वर्षी घड्याळं विकणारा एक फेरीवाला असा माझ्या आवाजामागे चाचपडत आला. मिशांना बर्फाच्या काड्या लोंबत होत्या. दारात येऊन तो लहान पोरासारखा रडला, आणि मग तीन माणसांचं जेवण एकट्याने जेवला. मावशी त्याला म्हणाली, "रडून झालं असेल तर पाय पुसा, माझी फरशी भिजतेय."

वादळात मला वाजवायचा हट्ट धरायची ती मावशीची मुलगी, झिल्फा. एकुलती एक. सात वर्षांची असताना, मी पेलवत नसतानाही तिने मला उचललं, गाल फुग्यासारखे फुगवले, माझ्यातून कशीबशी एक फुंक काढली आणि मला पायरीवर आपटलं. माझ्या पोटावरचा पोचा तो. तुमच्या बाई सांगतात की हा पोचा प्रवासातल्या अपघातात पडला. तसं नाही. तो झिल्फाने पाडला. आसा तो ठोकून काढायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "नको आसाकाका, राहू दे. तो माझा आहे." मग राहिला.

झिल्फा मोठी झाली. चौकात येणाऱ्या गाड्या बघत मोठं झालेलं मूल चौकात कसं राहणार? एकोणिसाव्या वर्षी तिने खाली दूर नदीकाठच्या कापडगिरण्यांत जायचं ठरवलं. मावशी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही आणि नवव्या दिवशी तिच्यासाठी लोकरीच्या मोज्यांचे चार जोड विणून बसली. निघताना झिल्फा गाडीत चढली नाही, आधी आसाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आसाकाका, मी परत येईन तेव्हा आईला आधी कळलं पाहिजे. माझी फुंक वेगळी हवी."

"सगळ्यांची तुटक, तुझी लांब," आसा म्हणाला. "सर्वांत शेवटी. चालेल?"

"ऐकलंस का गं आई? शेवटी लांब वाजला की मी!"

"ऐकलं. आता चढ, घोडे खोळंबलेत," मावशी म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. तिला रडताना कुणी बघितलेलं चालायचं नाही.

त्या दिवसापासून मित्रांनो, मी माथ्यावर वाजायला लागलो की मावशी ताटं मोजायची आणि मोजून झाल्यावर हात थांबवून क्षणभर उभी राहायची. शेवटच्या लांब फुंकीसाठी. ती आली नाही की म्हणायची, "चला, घेवडा वाढा." चार वर्षं मी हे केलं. माथ्यावरून मला तिचा चेहरा दिसत नसे, पण आसा दारात गाडी उभी करायचा तेव्हा तिच्याकडे बघायचं टाळायचा, ते मला कळायचं.

आणि मग मोजणीवाले आले. साखळ्या, खुंट्या, दुर्बिणी घेऊन. चौकाच्या कुरणातून आगगाडी न्यायची म्हणत होते. जेवायला अर्थात मावशीच्या टेबलावर बसले. त्यांचा मुख्य म्हणाला, "बाई, बोस्टनहून सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी इथे पोचेल."

"आणि जेवेल कुठे?"

"घरी जाऊन."

सगळी खानावळ खो खो हसली. ओबेद क्रॅम लोहार तर टेबलावर हात आपटून हसला. मावशीने ओगराळं त्या माणसापुढे नाचवलं. "अहो साहेब, माणसाला पंधरा मैलांवर भूक लागते. घोड्यालाही पंधरा मैलांवरच लागते. हे मी नाही ठरवलं, देवाने ठरवलंय. जी गाडी जेवायला थांबत नाही तिच्यात कोण मूर्ख बसणार?"

मित्रांनो, आमची चूक झाली ती ही. चौकातल्या माणसांचं आयुष्य पंधरा मैलांनी मोजलेलं होतं. पंधरा मैल म्हणजे एक भूक, चार घोडे, सोळा नाल. मैल कधी लहान होतील हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. ते वाईट नव्हते. मीसुद्धा त्या दिवशी, गाडी थांबली की आसा मला टांगायचा त्या खुंटीवर, त्यांच्याबरोबर मनात हसलो होतो.

मार्चमधल्या गावसभेत प्रश्न आला, कुरण द्यायचं का? बायकांना मत नव्हतं. पण आदल्या दिवशी मावशीने सांगून ठेवलं, "जो हात वर करेल त्याने माझ्या टेबलावर घेवड्याची आशा धरू नये." फक्त तीन हात वर झाले. आगगाडीवाल्यांनी चौक सोडला आणि रूळ खालच्या खोऱ्यातून नेले, सहा मैल दूर. तिथे तेव्हा एक गोठा आणि बदकांचं डबकं होतं. आज तिथे तुमचं गाव आहे, तुमची शाळा आहे, आणि ज्या भिंतीवर मी टांगलेला आहे ती भिंतही तिथलीच आहे.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. माझ्या फुंकी कमी होत गेल्या. नऊच्या सहा, सहाच्या तीन. काही दिवशी आसा माथ्यावर मला हातात घ्यायचा, मागे रिकाम्या गाडीकडे बघायचा, आणि न वाजवताच परत ठेवायचा. खाली मावशी ओगराळं घेऊन दारात उभी असायची. गाडी कर्ण्याशिवायच दारात यायची.  

याच दिवसांत झिल्फाचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, गिरणीच्या जवळूनच आगगाडी निघते, तिने आले तर किती लवकर पोचेन! मावशीचा नुसता भडका उडाला. टेबलाशी बसून तिने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेली, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. "यायचं असेल तर डाकगाडीने ये, कर्णा वाजवत ये. ज्या चुलीने आपली चूल विझवली तिच्यावर बसून येणार असशील तर येऊ नकोस." आसा म्हणाला, "हिटी, शेवटचं वाक्य खोड." ती म्हणाली, "तू घोडे हाक." आसाने ते पत्र नेलं. गाडीत मी त्याच्याच शेजारी होतो. त्यानंतर झिल्फाचं वर्षभर पत्र नाही.

एका नोव्हेंबरात टपालही आगगाडीकडे गेलं आणि डाकगाडी बंद झाली. शेवटच्या फेरीला एकही प्रवासी नव्हता. आसा खानावळीत आला आणि मला टेबलावर ठेवलं.

"घे हिटी. हा आता तुझ्याकडे."

"मी काय करू याचं? यात घेवडा शिजवू?"

 मावशीने मला उचललं, पोच्यावरून अंगठा फिरवला, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "तिच्यासाठी लांब वाजवीन म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो."

"मग टांग त्या खुंटीवर. वाजेल तर तिच्यासाठी वाजेल, नाहीतर नाही. कुणी हात लावायचा नाही याला."

आसाने मला शेकोटीवरच्या खुंटीवर टांगलं. तो स्वतःही तिथेच राहिला, जाणार कुठे? मावशीची लाकडं फोडायचा आणि रिकाम्या तबेल्यात झाडू मारायचा.

आता बर्फातल्या वाटेची रीत सांगतो, कारण सगळं पुढे तिच्यावरच आलं. आमच्याकडे बर्फ पडला की वाट उपसत नसत, दाबत असत, म्हणजे घसरगाड्या चालतील. सगळ्यांत लांबच्या घरातला माणूस आपली बैलजोडी ओंडक्याला जुंपून निघायचा. दुसऱ्या घराशी दुसरी जोडी जोडली जायची, तिसऱ्याशी तिसरी. खानावळीत पोचेपर्यंत बारा-बारा जोड्यांची रांग व्हायची आणि मागे वाट फरशीसारखी घट्ट. मग मावशी सगळ्यांना सफरचंदाचं गरम सायडर पाजायची. त्या वर्षीच्या पहिल्या बर्फाला रांग आली तेव्हा प्रश्न निघाला, गावाबाहेरच्या वळणापासून खाली आगगाडीच्या स्टेशनाकडे जाणारी वाट दाबायची का?

"ज्यांनी आपली गाडी खाल्ली त्यांच्यासाठी आपले बैल का दमवायचे?" मावशी सायडर ओतता ओतता म्हणाली. "ज्याला खाली जायचंय त्याने पोहत जावं."

ओबेद लोहार तिथे होता. डाकगाडी बंद झाल्यापासून त्याने घोड्याचा एक नाल ठोकला नव्हता आणि डोकं थोडं थंड झालं होतं. तो म्हणाला, "हिटी, दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलंच नाक कापायचं, असं झालं हे."

"तुझं नाक आहे कुठे, ओबेद? ते भट्टीत कधीच जळालं!"

पुन्हा सगळे हसले. किती हसायची ती माणसं! आणि बैल वळणावरून माघारी फिरले. दुसऱ्या बर्फाला फिरले, तिसऱ्या बर्फाला फिरले. स्टेशनाची वाट कमरेइतक्या भुसभुशीत बर्फाखाली गेली. खालचं टपाल आणायला पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी पायाला फळ्या बांधून जायचा, तोही कुरकुरत.

डिसेंबरातला तो दिवस. सकाळी आकाश निळं होतं. दुपारी दीडच्या सुमाराला उत्तरेकडून वारा सुटला आणि बघता बघता खिडक्या पांढऱ्या झाल्या. मावशी कणीक मळत होती. आसा लाकडांचा भारा घेऊन आत आला, भुवयांपर्यंत पांढरा. भारा टाकला, हात शेकले, आणि माझ्याखाली येऊन उभा राहिला.

"हिटी, वाजवू का?"

"कशाला?"

"रीत आहे म्हणून. कुणी वाटेत असलं तर."

"वाटेत कोण असणार? डाकगाडी बंद होऊन पाच आठवडे झाले. आता चौकात येतं कोण?"

"खालून एखादा..."

"खालचे लोक त्यांच्या त्या शिट्टीवर जगतात. त्यांना आपला कर्णा कशाला हवा?" मग तिने कणकेचे हात थांबवले. तिचा आवाज उतरला. "आसा, तो वाजला ना, की माझ्या काळजात धस्स होतं. मी ताट मांडायला धावते. मग उभी राहून ऐकत बसते. आता नाही रे सोसवत. राहू दे."

आसाचा हात वर आला होता. त्याची बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मित्रांनो, मी पत्रा आहे. मला स्वतःहून वाजता येत नाही. जुनं शिंग तर कधीच फुटून गेलं होतं. आसाने हात खाली घेतला, खुर्ची ओढली आणि शेकोटीशी बसला. दोनदा उठला, दोनदा बसला. वादळ मध्यरात्रीपर्यंत चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांची रांग निघाली. ओबेद पुढे होता. वळणाशी बैल माघारी फिरवताना त्याला स्टेशनाच्या वाटेवर, दगडी बांधाशी, काहीतरी तपकिरी दिसलं. त्याला वाटलं, कुणाचं वासरू.

त्यांनी तिला ओंडक्याच्या घसरगाडीवर घालून आणलं आणि माझ्यासमोरच्या लांब टेबलावर ठेवलं, जिथे आयुष्यभर ताटं मांडली गेली होती. झिल्फा होती. फार बारीक झाली होती. सहा मैलांतले साडेपाच मैल ती त्या न दाबलेल्या बर्फातून चालली होती. वळणावरून इथे अर्धा मैलच राहतो. वळण आणि खानावळ यांच्यामध्ये एक टेकाड तेवढं आहे. माझा आवाज ते टेकाड रोज ओलांडायचा.

मावशी आली. ओरडली नाही. मुलीच्या अंगावरचं बर्फ हाताने झाडायला लागली, जणू आत्ताच बाहेरून खेळून आली आहे. पायांत तिने विणलेले मोजे होते, टाचेला रफू केलेले. मग तिचा हात झिल्फाच्या टोपीशी थांबला. टोपीचे बंद सुटलेले होते. एका बाजूने टोपी मागे सारलेली होती आणि एक कान उघडा होता.

"एवढ्या थंडीत टोपी का मागे केली असेल पोरीने?" ओबेद म्हणाला.

 आसा एकदम उठून तबेल्याकडे गेला. तिथे एकही घोडा नव्हता.

मावशीने त्या कानावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "ऐकत होती."

आणि मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, त्यानंतर मला कितीतरी लोकांनी बघितलंय. तसं कुणी बघू नये.

चौथ्या दिवशी ओबेद खाली जाऊन टपाल घेऊन आला. त्यात झिल्फाचं पत्र होतं, अकरा दिवस स्टेशनावर पडून राहिलेलं. मावशीला वाचवेना, आसाने वाचलं. "आई, रागावू नको. डाकगाडी बंद झाल्याचं इथे कळलं, म्हणून आगगाडीने येते. गिरणीतल्या धुळीने खोकला लागलाय, डॉक्टर म्हणतात डोंगरात घरी जा. सात तारखेला दुपारी स्टेशनावर उतरेन. घसरगाडी पाठव. नाही पाठवलीस तरी मी चालत येईन, वाट पाठ आहे. हवा बिघडली तरी काळजी करू नको. वादळात चौकातून कर्णा वाजतोच, त्याच्यामागे येईन."

आसाने पत्राची घडी घातली आणि पुन्हा उघडली आणि पुन्हा घातली. "माझा हात वर गेला होता, हिटी," तो म्हणाला. "गेला होता वर."

"मीच खाली घ्यायला लावला," ती म्हणाली. "तू गप्प बस."

त्या हिवाळ्यात एकदा मावशीने मला खुंटीवरून काढलं. बर्फ पडायला लागला होता, साधाच, वादळ नव्हतं. ती पायरीवर गेली आणि तिने मला फुंकलं. तिला वाजवता येत नव्हतं. पहिल्या फुंकीला नुसती हवा गेली. मग एक लांब, फाटका आवाज निघाला. थोड्या वेळाने दुसरा. रात्र पडेपर्यंत ती वाजवत राहिली. माझं तोंड थंडीने तिच्या ओठांना चिकटायचं आणि काढताना कातडी निघायची. त्यानंतर अकरा हिवाळे, प्रत्येक बर्फाला तिने मला वाजवलं. आसा दोन वर्षांत गेला. ओबेद भट्टी बंद करून खाली स्टेशनात कामाला लागला. चर्चच्या फळ्या उपटून खाली नेल्या. दुकानं बंद झाली. वाट दाबायला बैल नव्हते, म्हणून वाट दाबली जात नव्हती. पण खालून वरच्या रानात लाकडं तोडायला येणारे तुमच्या गावातले लोक बर्फात थांबून म्हणायचे, "चौकाकडून काहीतरी ओरडतंय." आणि कुणी म्हातारा म्हणायचा, "हिटी टटल आहे. मुलीला बोलावते." वरातीमागून घोडे. मी वाजत होतो, पूर्ण ताकदीने, आणि त्या वाटेवर आता कुणीही नव्हतं.

बाराव्या हिवाळ्यात मी वाजलो नाही, तेव्हा खालून ओबेद वर आला. मावशी पायरीवर बसलेली होती आणि मी तिच्या मांडीवर होतो.

चौकात आज काही नाही. दोन वाटा अजून एकमेकींना ओलांडतात, पण तिथे थांबायला कारण उरलेलं नाही. तळघरांचे खड्डे आहेत, त्यांत झाडं उगवली आहेत. खानावळीच्या दारातलं लायलॅकचं झुडूप दर वसंतात फुलतं. कुणासाठी, देव जाणे. मला कुणी लिलावात घेतलं, कुणी माझ्यात सुकलेली फुलं खोचली, कुणी मला काळा रंग दिला, कुणी तो खरवडून काढला. शेवटी मी इथे आलो. इथे मला पुसतात, ऊब आहे, गंज चढत नाही. काळजी घेतात माझी. पण मित्रांनो, ही काळजी मला नको आहे.

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या एका मुलीने माझ्या पोच्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, एकदा वाजवून बघू?" बाई म्हणाल्या, "पाटी वाच बघू काय लिहिलंय."

तिने मोठ्याने वाचलं. "हात लावू नये."

तेच शब्द. दीडशेहून अधिक वर्षं झाली, आणि माझ्याखाली अजून तेच शब्द आहेत. पहिल्यांदा ते एका आईने म्हटले होते, मुलीवरच्या मायेने. त्या मायेनेच मला खुंटीवर गप्प बसवलं.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. ज्यांच्यावर तुमचा राग आहे त्यांच्या वाटेवरचाही बर्फ दाबा. त्या वाटेने कोण येतंय ते तुम्हाला माहीत नसतं. आणि तुमच्या घरात एखादा कर्णा असेल, कसलाही असो, तो वादळात वाजवा. कुणी नाही असं वाटलं तरी वाजवा. उगाच वाजला तर वाजला.

आज दुपारपासून खिडकीबाहेर बर्फ पडतोय. वारा उत्तरेकडचा आहे. रखवालदाराने दिवे मालवले आणि कुलूप लावलं. मी खुंटीवर आहे. अजून चांगला वाजतो. कुणीतरी या, आणि हात लावा.